काय खाल्लंस?

२०२३च्या सप्टेंबरात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिल्लीची राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, तिची बातमी बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंजा सापडल्या, त्यांची चित्रफीत फिरली, आणि शेवटच्या दिवशी 'नाडावाले आले' (नाडा म्हणजे खेळाडूंनी बंदी घातलेली औषधं घेतली का ते तपासणारी राष्ट्रीय संस्था) म्हणताच मैदान निम्मं रिकामं झालं. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीला आठांपैकी एकच गडी ब्लॉकवर उभा. बाकीच्यांपैकी कुणाच्या पायात गोळा आलेला, कुणाचा स्नायू धरलेला. लोक हसले, आणि हसण्यासारखं होतंच. पण त्याच बातमीतलं एक वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. ज्युनियर गटातल्या स्टीपलचेसमधली, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीतली, एक मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही थांबली नाही. पळतच राहिली. नमुना घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याला तिच्या मागे पळावं लागलं.

स्टीपलचेस ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यातलं विचित्रपण कळेल. ही शर्यत संपते तेव्हा बूट पाण्याच्या खड्ड्यात भिजून जड झालेले असतात, मोजे आत पचपचत असतात, मांड्या पेटलेल्या असतात. रेषेपलीकडे पाऊल पडलं की माणूस जिथल्या तिथे बसतो, नाहीतर गुडघ्यांवर हात टेकून कोरड्या उमळी काढतो. अशा शरीराला आणखी पळायला लावणारी भीती केवढी असेल! ती मुलगी दोषी होती असं मला म्हणायचं नाही. त्या वयात पोरं नुसतं ओळखपत्र गळ्यात अडकवलेल्या माणसाला बघूनही पळतात. आणि पळून मिळणार तरी काय होतं? नमुना द्यायचाय हे कळल्यावर तो चुकवणं हा नियमानुसार स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा स्टेरॉइड सापडण्याइतकीच, म्हणजे ४ वर्षं. लहान वयाच्या संरक्षित खेळाडूला फार तर २. ती कुणापासून पळत होती हे सरळ आहे. कुणाकडे पळत होती, हा प्रश्न मात्र सुटत नाही.

कारण घरी बहुतेक वेळा कुणाला काहीच माहीत नसतं.

हॉस्टेलवर राहणाऱ्या खेळाडू पोरापोरींना रोज रात्री घरून एक फोन येतो. दोनच प्रश्न असतात. जेवलास का? काय खाल्लंस? उत्तरंही ठरलेली असतात. मेसची भाजी पातळ होती, अंडी मिळाली, दूध प्यायलो. सराव कसा झाला, वेळ किती लागली, हे बाप कधी तरी विचारतो. आईचा फोन मात्र खाण्यावरच सुरू होतो आणि खाण्यावरच संपतो. त्यात प्रेम असतं, काळजी असते, आणि थोडा हिशेबही असतो, कारण त्या खाण्यासाठी घरातलं काहीतरी विकलेलं किंवा थांबवलेलं असतं. आपल्याकडे खेळाडू घडवण्यातला आईबापांचा वाटा खाण्यातच मोजतात. पैलवानांच्या घरी तर त्याला शब्दच आहे, खुराक. पोराला कोल्हापूरच्या तालमीत ठेवलं की गावाकडून एसटीने डबा आणि दुधाची किटली जायची, रात्री भिजवलेले बदाम पहाटे सोलून कुंड्यात घोटले जायचे, घरातल्या धाकट्यांना तूप मोजून आणि पैलवानाला न मोजता. 'खुराकाला कमी पडू दिलं नाही' हे वाक्य बाप म्हातारपणीही छाती फुगवून सांगतो. त्या खुराकाला कधी लेबल नव्हतं. तुपाला बॅच नंबर नव्हता. बदामाच्या मागे बारीक अक्षरांत काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे वाचायची सवयही कुणाला लागली नाही.

मग कधीतरी किटलीच्या जागी दोन किलोचा काळा प्लॅस्टिकचा डबा आला. प्रशिक्षक सर म्हणाले, दुधाने आता भागत नाही, पावडर लागेल. बापाने ती त्याच विश्वासाने घेतली, ज्या विश्वासाने म्हैस घेतली होती. खरं तर साध्या व्हे प्रोटीनमध्ये बंदी घातलेलं काही नसतं. ते दुधातलंच प्रथिन. घोटाळा होतो तो डब्याच्या शेजारी ठेवलेल्या गोष्टींनी. बिनबिलाची सुटी पावडर, जिमच्या काउंटरखालून निघणारी 'प्री-वर्कआउट'ची पुडी, 'बी-ट्वेल्वचं आहे' म्हणून टोचलेलं इंजेक्शन, आठ आठवड्यांचा 'कोर्स'. पोरांच्या बोलण्यात डायना, डेका, स्टॅनो असे शब्द येतात. म्हणजे मेथँडिएनोन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल. तिन्ही ॲनाबोलिक स्टेरॉइड, तिन्हींना वर्षभर बंदी. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब घसरला तर वापरायचं इंजेक्शन; ते जिममध्ये आणि भरतीच्या मैदानावर दम टिकवायला टोचलं जातं. वजनी गटात बसायला कुस्ती-बॉक्सिंगवाले फ्युरोसेमाइडची गोळी घेतात. लघवी होते, दोन-तीन किलो पाणी जातं, वजनकाटा खूश होतो, आणि तीच गोळी नमुन्यात सापडते.

याच्या दुसऱ्या टोकाला खरंच नकळत लागणारा डोप असतो. गुडघा सुजला म्हणून गावातल्या डॉक्टरने दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही. २०२२पासून अशा सगळ्या इंजेक्शनांना स्पर्धाकाळात मनाई आहे, मग ते सांध्यात दिलेलं का असेना. खोकल्याच्या कित्येक सिरपांत टर्ब्युटालीन असतं. पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये ८ महिन्यांची बंदी आली ती त्याच पदार्थापायी, खोकल्याच्या औषधापायी. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, आणि कसोटी खेळलेला. त्याच्याभोवती डॉक्टर, फिजिओ, सगळं होतं. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या धावपटूभोवती औषधाच्या दुकानातला पोऱ्या असतो. नाडाचं 'नो युअर मेडिसिन' नावाचं मोफत ॲप आहे, औषधाचं नाव टाकलं की चालेल की नाही ते सांगतं. ते ज्याच्या फोनमध्ये असायला हवं, त्याला बहुधा ते पहिल्यांदा सुनावणीत कळतं.

आता नाडाची ती ई-मेल.

ती घरी येत नाही. ती खेळाडूच्या ई-मेलवर येते, आणि पुष्कळदा हा पत्ता स्पर्धेची नोंदणी करताना सरांनीच काढून दिलेला असतो, पासवर्ड सरांच्याच वहीत. कित्येक पोरं ती ई-मेल उघडूनही बघत नाहीत. त्यामुळे मुदतीचे दिवस कुणाला पत्ता नसताना चालू झालेले असतात. ई-मेलमध्ये लिहिलेलं असतं की अमुक तारखेला दिलेल्या तुमच्या 'ए' नमुन्यात तमुक पदार्थ सापडला. 'बी' नमुना, म्हणजे त्याच वेळी सील केलेली दुसरी बाटली, तपासून हवा असेल तर अमुक दिवसांत कळवा. तुमच्याकडे औषधाची वैद्यकीय सूट असेल तर ती दाखवा. आणि आजपासून तुम्ही तात्पुरते निलंबित आहात. स्टेरॉइडसारख्या पदार्थाला हे निलंबन सक्तीचं. फ्युरोसेमाइड, टर्ब्युटालीन अशा 'विनिर्दिष्ट' यादीतल्या पदार्थाला ते सक्तीचं नसतं, खेळाडूने स्वतःहून लेखी स्वीकारायचं असतं. इथे घरातली पहिली चूक होते. 'स्वीकारलं म्हणजे गुन्हा कबूल केला' असं समजून बाप सही करू देत नाही. निलंबन स्वीकारणं म्हणजे कबुली नव्हे. उलट स्वीकारलेला प्रत्येक दिवस पुढे बंदी झाली तर तिच्यातून वजा होतो. न स्वीकारता पोरगी आणखी एक विद्यापीठ स्पर्धा खेळते, पदक आणते, घरी हार पडतो, आणि चार महिन्यांनी ते पदकही जातं आणि ते चार महिनेही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी घरात जे होतं ते कागदोपत्री नसतं. बाप ओटीवर फोन हातात घेऊन बसलेला असतो. इंग्रजी मजकूर शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेतलेला. पोरगा भिंतीला टेकून उभा. कुणी ओरडतं, कुणी अजिबात ओरडत नाही, आणि ते जास्त वाईट. अशा वेळी विचारले जाणारे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. कुणी केलं हे? कोण तुझ्या वाईटावर आहे? सरांना माहितीय का? आता भरतीचं काय? पेपरात येणार का? सगळे प्रश्न बाहेरच्या दिशेने जातात. रोज रात्री न चुकता विचारला जाणारा प्रश्न त्या एका रात्री कुणी विचारत नाही.

काय खाल्लंस?

आणि गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) की नाडालाही नेमकं तेवढंच हवं असतं. सध्याच्या, म्हणजे २०२१च्या डोपिंगविरोधी जागतिक संहितेत पदार्थ सापडला की जबाबदारी खेळाडूची. हेतू होता की नव्हता हा प्रश्न नंतरचा. स्टेरॉइडला ४ वर्षं ठरलेली. ती कमी करून घ्यायची असतील तर तो पदार्थ अंगात शिरला कसा, हे खेळाडूनेच पुराव्यानिशी सांगायचं. अठराच्या आतल्या संरक्षित खेळाडूला एवढी सूट आहे की त्याला हे सिद्ध करावं लागत नाही. बाकीच्यांना 'मला माहीत नाही, मी निर्दोष आहे' म्हणून जवळजवळ कधीच चालत नाही. हे उत्तर द्यायला लागतो तो पुरावा घरातच असतो. आणि घरातलेच तो पहिल्या चोवीस तासांत नाहीसा करतात.

डब्याचं काय होतं ते सांगतो. बाप संतापून तो उकिरड्यावर रिता करतो, नाहीतर आई न्हाणीत ओतून देते. पांढरट चॉकलेटी पाणी मोरीतून जायला वेळ लागतो, फेस येतो, व्हॅनिलाचा गोड वास दोन दिवस घरात राहतो. मग रिकामा डबा फेकून द्यायला तिचा जीव होत नाही. चांगला जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा. ती तो राखेने घासते, गरम पाण्यात बुडवून नखाने स्टिकर काढते, उन्हात पालथा घालते आणि तूरडाळ भरून फळीवर ठेवते. ज्या स्टिकरवर बॅच नंबर होता, आयातदाराचं नाव होतं, वापराची शेवटची तारीख होती, तो लगदा होऊन मोरीच्या जाळीला अडकलेला असतो. डब्यात भेसळ होती असं सिद्ध करायचं तर प्रयोगशाळेला उघडलेला डबा लागतो, आणि त्याच बॅचचा न उघडलेला दुसरा. कारण उघडलेल्या डब्यात मागाहून कुणीही काही मिसळू शकतो. बिल लागतं. दुकानदाराशी झालेलं बोलणं लागतं. 'दूषित उत्पादन' हे सिद्ध झालं आणि खेळाडूची चूक मोठी नव्हती असं पटलं, तर शिक्षा नुसत्या समजेपासून २ वर्षांपर्यंत काहीही होऊ शकते. चार वर्षं आणि एक समज यांच्यातलं अंतर त्या नखाखाली गेलेलं असतं.

तीच गत फोनची. 'याच्यामुळेच बिघडला' म्हणून फोन काढून घेतला जातो, आपटला जातो, निदान व्हॉट्सॲपचे ग्रुप पुसले जातात. कुणी कधी काय आणून दिलं, पैसे कुणाला पाठवले, सर काय म्हणाले होते, हे सगळं त्यातच होतं.

सरांचं प्रकरण सगळ्यांत नाजूक. बहुतेक आईबाप पहिला फोन त्यांनाच करतात, आणि ते समजण्यासारखं आहे. इतकी वर्षं प्रत्येक निर्णय त्यांनीच घेतलेला. सर म्हणतात, काळजी करू नका, मी उत्तर लिहून देतो. त्या उत्तरात सर नसतात. कुणीतरी पाण्याच्या बाटलीत मिसळलं असावं, विरोधी गटाचं कारस्थान आहे, एवढंच असतं. सर वाईट असतातच असं नाही. कित्येकांनी स्वतःच्या पगारातून पोरांना बूट घेऊन दिलेले असतात. पण त्या दिवसापासून सरांचं हित आणि पोराचं हित दोन वेगळ्या वाटांनी जातं, आणि हे आईबापांच्या ध्यानात येत नाही, किंवा येऊनही ते डोळे मिटतात. कारण धाकटा भाऊ अजून त्यांच्याकडेच सरावाला असतो. गावातली आणखी चार पोरं त्यांच्याकडे असतात. संहितेत तरतूद आहे की पुरवणाऱ्याला पकडून देण्याइतकी ठोस माहिती खेळाडूने दिली तर त्याच्या शिक्षेचा तीन चतुर्थांशापर्यंत भाग स्थगित होऊ शकतो. ही तरतूद वाचून दाखवली की घरात शांतता पसरते. मग बाप म्हणतो, 'नको. त्यांचं मीठ खाल्लंय.' हे वाक्य मला मूर्खपणाचं वाटत नाही. चुकीचं मात्र वाटतं.

आणि 'सरांनी दिलं' एवढंच सांगून सुटका होते असंही नाही. २०११ मध्ये भारताच्या ४ बाय ४०० रिलेच्या मुली सापडल्या, तेव्हा परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून ते आलं असं त्यांचं म्हणणं होतं. इथल्या पॅनेलने ते बरंचसं मानलं आणि १ वर्षाची बंदी दिली. पुढच्या वर्षी लोझानच्या क्रीडा लवादाने ती २ वर्षांची केली. दिलेलं खाताना तुम्ही काय तपासलं, हा प्रश्न उरतोच. कारस्थानाचंही तसंच. कुस्तीपटू नरसिंग यादवला २०१६ मध्ये नाडाच्या पॅनेलने घातपाताचा बळी मानून सोडलं, तो रिओ ऑलिंपिकला पोचला, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी लवादाने ४ वर्षांची बंदी घातली, कारण घातपाताचा म्हणावा तसा पुरावा नव्हता. 'कुणीतरी मिसळलं' हे सांगणाऱ्या प्रत्येक बापाला ही गोष्ट माहीत असते. तो ती उलटी सांगतो. बघा, नरसिंगलाही असंच अडकवलं.

दरम्यान 'दिल्लीत कुणी ओळखीचं आहे का' हा शोध सुरू झालेला असतो. आमदारांचे पीए, संघटनेचे जिल्हाध्यक्ष, मेहुण्याचा साडू जो क्रीडा खात्यात कुठेतरी आहे. शिफारसपत्रं निघतात, 'सदर खेळाडू गुणी व होतकरू असून' अशी. या सगळ्यात जी एक तारीख पाळायला हवी ती निघून जाते. आरोपपत्र हाती पडल्यापासून २० दिवसांत गुन्हा आणि शिक्षा दोन्ही मान्य केली, तर ४ वर्षांतलं १ वर्ष आपोआप कमी होतं. एकविसाव्या दिवशी होत नाही. खरंच घेतलेलं असेल, आणि ते पोराने घरात कबूलही केलं असेल, तर हे वर्ष सोडणं हा शुद्ध नुकसानीचा व्यवहार. पण कबूल करायला आधी विचारावं लागतं. आणि शेतीच्या एकेका फुटासाठी पंधरा वर्षं कोर्टात जाणाऱ्या आपल्या माणसांना 'मान्य करून टाका' हे ऐकवत नाही. वकील तर ते सांगायला लागतातच असं नाही.

घातक ठरते ती ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी. कुणीतरी सुचवतं की मागची तारीख टाकून लिहून घेऊ, 'अशक्तपणासाठी इंजेक्शन दिले'. डॉक्टर भला माणूस असतो, लिहून देतो. खरा आजार असेल, तेव्हाचे केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट असतील, तर कॉलेज पातळीवरच्या खेळाडूला वैद्यकीय सूट मागाहूनही मागता येते. तो हक्काचा रस्ता आहे. खोट्या चिठ्ठीला मात्र संहितेत छेडछाड, म्हणजे तपासात फेरफार, म्हणतात. तो स्वतंत्र पहिला गुन्हा धरला जातो, आणि त्याची शिक्षा आधीच्या शिक्षेला जोडून, एकामागून एक भोगायची. म्हणजे चारावर आणखी चार होऊ शकतात. पोराने स्टेरॉइड घेतलं ते एकट्याने. हे दुसरं घरच्यांनी मिळून केलेलं असतं, त्याच्यावरच्या मायेपोटी.

संहितेत 'खेळाडूचे सहायक' कोण याची व्याख्या आहे. प्रशिक्षक, व्यवस्थापक, डॉक्टर, फिजिओ अशी यादी येते आणि त्याच ओळीत, स्वल्पविराम देऊन, पालक. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा थबकायला झालं. म्हणजे गोळी हातावर ठेवणारा बाप आणि सुई टोचणारा सर नियमाला सारखेच दिसतात. असे बापही असतात, थोडे नसतात. ते सोडा. त्यांच्याविषयी बोलण्यात फार अर्थ नाही, ते उद्या दुसऱ्या पोराला आणतील.

मन अडकतं ते ज्यांना अर्धवट माहीत होतं त्यांच्यापाशी. आईला बरंच दिसलेलं असतं. मुलीचा आवाज फोनवर घोगरा येत होता. तिला वाटलं घसा बसलाय, हळद-दूध घे म्हणाली. पाळी दोन महिने आली नाही. सराव फार आहे म्हणून असेल. मुलाच्या पाठीवर, खांद्यावर मोठाले फोड. उष्णता झाली, सब्जा घाल पाण्यात. चिडचिड वाढली, ताट सरकवून उठायला लागला. आणि वेळ मात्र सुधारत होती. ४०० मीटरमध्ये एका हंगामात दीड सेकंद. चांगलं चाललेलं असताना कोण कशाला विचारतं? स्टेरॉइडने खोल झालेला मुलीचा आवाज पुष्कळदा परत फिरत नाही. बंदी संपते, आवाज राहतो. आईला तो रोज ऐकायचा असतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे भाऊबंद घेतले की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. कोर्स एकदम तुटला की ते परत सुरू व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात मुलगा खोलीत पडून राहतो, जेवत नाही, अंगात त्राण नसतं, डोळ्यांत काही नसतं. घरचे म्हणतात लाज वाटतेय, वाटू दे. लाज असतेच. पण त्यात रक्तातलं संप्रेरकही तळाला गेलेलं असतं, आणि दोन्ही मिळून माणसाला विहिरीच्या काठापर्यंत नेऊ शकतात. अशा वेळी वकिलाच्या आधी हार्मोनतज्ज्ञ डॉक्टर गाठायचा, आणि पोराला रात्री एकटं झोपू द्यायचं नाही. ज्या बापाने हे केलं त्याने बाकी सगळं चुकवलं तरी मी त्याला नावं ठेवणार नाही.

बंदीचे दिवस घरात कसे जातात तेही पाहण्यासारखं असतं. बंदी म्हणजे नुसत्या स्पर्धा नाहीत. संघाबरोबर सराव नाही, संघटनेच्या क्लबचं मैदान नाही, तिथे धाकट्यांना शिकवायचं नाही. शिक्षेचे शेवटचे २ महिने किंवा शेवटचा चौथा हिस्सा, यांतलं जे कमी असेल तेवढ्यापुरती सरावाला परत मुभा. पोरगा पहाटे साडेचारला उठतो, कारण शरीराला तीच सवय. आणि मग करायला काही नसतं. तो गोठ्यात जातो, शेण काढतो. बाप अंथरुणातून आवाज ऐकत असतो. खेळाडूंचं नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, सवलतीचे गुण, पोलिसात लागलेला मागचा पोरगा, हे सगळे हिशेब त्या खराट्याच्या आवाजात मिसळलेले. २०२३ मध्ये भारतातले ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतले २१३ पॉझिटिव्ह निघाले, जवळपास ३.८ टक्के. २१३ हा आकडा वर्तमानपत्रात देशाची मान खाली घालणारा असतो. त्या घरात तो एकच असतो.

त्या पळणाऱ्या मुलीकडे परत यायला हवं. कुणीही असलं तरी शेवटी थांबावं लागतं. मग सोबत एक व्यक्ती येते, ती नजरेआड होऊ देत नाही. सीलबंद पाण्याची बाटली देतात. पन्नास मिनिटं, कधी दोन तास, लघवी होत नाही. शर्यतीत शरीर पार वाळलेलं असतं. किमान ९० मिलिलिटर लागते. ती दोन काचेच्या बाटल्यांत विभागायची, ए आणि बी, झाकण तिने स्वतः पिळायचं, किर्रकिर्र आवाज थांबेपर्यंत. अठराच्या आतली असेल तर तिच्यासोबत एक मोठं माणूस राहू शकतं, तिने निवडलेलं. त्या जागी बहुधा सरच बसलेले असतात. आईबाप तीनशे किलोमीटरवर.

मग फॉर्म येतो. त्यात एक चौकट असते. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं, सप्लिमेंट, इंजेक्शनं, सगळं लिहा. इथे मोकळेपणाने लिहिलेलं पुढे फार उपयोगी पडतं. डब्यातच भेसळ होती असं म्हणायचं असेल, तर त्या डब्याचं नाव आधीच या चौकटीत असल्याने म्हणणं खरं वाटतं. पेन हातात दिलं जातं. सर समोरच आहेत. ती चौकटीकडे बघते, एकदा त्यांच्याकडे बघते, आणि लिहिते, 'निल'. सही करते. तिच्या वाट्याची प्रत घडी घालून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात जाते, ओल्या मोज्यांच्या शेजारी.

रात्री साडेनऊला फोन वाजतो.